वजनासाठी इंजेक्शन घ्यावं की आधी आहार-व्यायाम? रिपोर्टचे आकडे दिले आहेत

ठाकुर्लीकर

नमस्कार. प्रश्न नवऱ्यासाठी विचारतेय. आकडे आधीच देते, म्हणजे मोघम सल्ल्यात वेळ जायला नको.

वय ४४, उंची १६८ सेंमी, वजन ८९ किलो, कंबर १०४ सेंमी. उपाशीपोटी साखर ११२, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.३. यकृताच्या तपासणीत एसजीओटी ३८, एसजीपीटी ५४, प्लेटलेट २ लाख ४० हजार. सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर. रक्तदाबासाठी रोज सकाळी टेल्मिसार्टन ४०. सासूबाईंना मधुमेह आहे.

दिनक्रम असा: सकाळी सातच्या सुमाराची फास्ट लोकल, ऑफिस फोर्टात, घरी यायला पावणेनऊ, जेवण साडेनऊला. नाश्ता बहुतेक वेळा स्टेशनबाहेर. दुपारी घरचा पोळी-भाजीचा डबा. दिवसभरात चार-पाच कटिंग चहा. बुधवार, शुक्रवार, रविवार मासे. संकष्टी आणि श्रावणी सोमवार कडक.

डॉक्टरांनी दोन्ही पर्याय समोर ठेवलेत आणि विचार करून या म्हणालेत. घरात दोन तट आहेत. मला चार गोष्टी हव्यात: हे वजन औषध लागण्याइतकं आहे का? औषध बंद केलं की वजन परत येतं, हे कितपत खरं? नुसत्या आहार-व्यायामाने किती उतरेल आणि किती दिवस वाट पाहायची? आणि इंजेक्शन घरी सांभाळायची रीत काय, खर्च किती?

परळकर

ताई, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३१.५ येतो. आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्यांचे २५ आणि ३० आपल्याला चालत नाहीत, कारण तेवढ्याच बीएमआयला आपल्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, तीही पोटात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिसायला सडपातळ पण आत चरबी साठवणाऱ्या या भारतीय बांध्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० सेंमी आहे, तुमच्याकडे १०४ भरते. औषधाच्या माहितीपत्रकात बीएमआय ३० ची अट असते, आणि वजनाशी जोडलेला एखादा आजार असेल तर २७ ची. दोन्हींत ते बसतात. तेव्हा ‘एवढ्याशा वजनाला इंजेक्शन कशाला’ हा आक्षेप वैद्यकीयदृष्ट्या टिकत नाही.

फॅटी लिव्हरच्या ग्रेडवरून यकृत किती कडक झालंय ते कळत नाही. त्यासाठी घरीच एक हिशेब करता येतो, त्याला फिब-फोर म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. ४४ × ३८ = १६७२. २४० × ७.३५ = १७६४. उत्तर ०.९५. १.३ च्या खाली असलं की यकृत कडक करणारे गंभीर व्रण असण्याची शक्यता कमी. म्हणजे हातात वेळ आहे. वजन ७ ते १० टक्के उतरलं तर यकृतातली सूज आणि चरबी दोन्ही स्पष्ट कमी होतात. ८९ किलोचे १० टक्के म्हणजे जवळपास ९ किलो.

आता औषध. सध्या चर्चेत दोन आहेत, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-वन नावाचं संप्रेरक सुटतं. ते मेंदूला ‘पुरे’ असं सांगतं आणि जठर हळू रिकामं करतं. शरीरातलं हे संप्रेरक काही मिनिटांत विरघळतं, सेमाग्लुटाइड मात्र निम्मं व्हायला सुमारे सात दिवस घेतं, म्हणून आठवड्याला एकच टोचणी. टिर्झेपटाइड त्याबरोबर जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. स्टेप-वन चाचणीत सेमाग्लुटाइड २.४ मि.ग्रॅ. घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरलं, खोटं (औषध नसलेलं) इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. सरमाउंट-वन या चाचणीत टिर्झेपटाइडवर ७२ आठवड्यांत मात्रेप्रमाणे १५ ते २१ टक्के. दोन्हीकडे आहार-व्यायामाचा सल्ला सगळ्यांनाच दिलेला होता, हे लक्षात ठेवा. ‘औषध की आहार’ अशी लढत त्या चाचण्यांत नव्हतीच, ‘नुसता आहार की आहार अधिक औषध’ अशी होती.

परत येण्याबद्दल तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. स्टेप-वनमधल्याच काही लोकांचं औषध बंद करून पुढे वर्षभर पाहिलं, तर उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. यात माणसाचा आळस शोधू नका. वजन घटलं की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, तृप्ती देणारं लेप्टिन घटतं, आणि नुसत्या आहाराने वजन उतरवलं तरी हा बदल वर्षभरानंतरही टिकलेला दिसतो. औषध त्या भुकेला दाबून धरतं. हात काढला की ती वर येते. रक्तदाबाची गोळी बंद केली की दाब चढतो, याला आपण ‘सवय लागली’ म्हणत नाही. तसंच हे. तीन महिन्यांचा कोर्स म्हणून कुणी विकत असेल तर तिथून उठा.

नुसत्या आहार-व्यायामाने, तोही नेटाने आणि कुणीतरी पाठपुरावा ठेवून केला तर, पहिल्या वर्षात ५ ते ९ टक्के ही प्रामाणिक अपेक्षा. ऐकायला कमी वाटतं, पण मधुमेह टाळायला ते मोठं आहे. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या चाचणीत ७ टक्के वजन कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं एवढंच ध्येय होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१. भारतीयांवरच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले, ही घट २८.५ टक्के होती.

माझं मत: १२ आठवडे आहार-व्यायाम, आज तारीख लिहून. तेवढ्यात ४.५ किलो (५ टक्के) उतरलं तर तसंच पुढे चालू ठेवा आणि एचबीएवनसी पुन्हा करा. नाही उतरलं तर औषध सुरू करा, आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नका. ‘बघू, श्रावणानंतर, दिवाळीनंतर’ असं मात्र करू नका, कारण मधुमेहाच्या उंबरठ्यावरचं एचबीएवनसी ६.३ तिथे थांबून राहत नाही.

सुरू करण्याआधी हे विचारून घ्या: घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग होता का, त्यांना कधी स्वादुपिंडाचा दाह झाला होता का, सोनोग्राफीत पित्ताशयाबद्दल काय लिहिलंय, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) किती आहे. आणि रात्री घोरतात का?

ताटवाटी

आहाराचं मी लिहिते. ‘कमी खा’ हा सल्ला इथे उपयोगाचा नाही. त्यांचं पोट सध्या कशाने भरतंय ते पाहू.

या वय-उंची-वजनाला, दिवसभर बसून काम आणि थोडं चालणं धरून, रोजचा खर्च साधारण २२०० कॅलरी. १६५० ते १७०० वर आणायचं. रोजची ५०० ची तूट म्हणजे सुरुवातीला आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास. ही तूट ताट अर्धं करून आणू नका, चार ठिकाणांहून काढा.

पहिली जागा तेल. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा लागत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल होतं, म्हणजे ३४५ कॅलरी. डबा तीन लिटरवर आणा. माणशी २३ ग्रॅम, रोज जवळपास १४० कॅलरी कमी, आणि ताटात काहीच कमी दिसत नाही. तेल चमच्याने मोजून घाला, बुधलीतून सरळ कढईत नको. फोडणीला चमचाभर पुरतं. वाया जातं ते भाजी ‘सुटायला’ घातलेलं तेल. झाकणावर पाणी ठेवून वाफ दिली की तेवढं लागत नाही.

दुसरी जागा कटिंग. प्रत्येकात दोन लहान चमचे साखर धरली तर पाच कटिंगची ४० ग्रॅम, म्हणजे १६० कॅलरी. टपरीवर चहा एकत्रच उकळतो, तिथे कमी साखरेचा मिळत नाही. म्हणून दोन कटिंग ठेवा आणि बाकीच्या वेळी ऑफिसातला बिनसाखरेचा.

तिसरी जागा स्टेशनबाहेरचा नाश्ता. एक वडापाव ३०० कॅलरींच्या घरात, प्रथिनं जेमतेम ७ ग्रॅम, आणि साडेअकराला पुन्हा भूक. सातच्या गाडीला घरी बसून खाणं जमणार नाही हे मान्य. म्हणून डब्यात दोन उकडलेली अंडी आणि एक फळ, किंवा मूगडाळीची दोन धिरडी. डाळ रात्री भिजत घातली तर सकाळी वाटून तव्यावर दहा मिनिटं लागतात.

चौथी जागा, आणि इथेच बहुतेकांचं बिनसतं: रात्री साडेनऊचं जेवण. दुपारी एक ते रात्री साडेनऊ म्हणजे साडेआठ तास पोट रिकामं. घरी पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत जे हाती लागेल ते, चिवडा, शेंगदाणे, पोळीचा रोल, आणि मग पूर्ण जेवण. हा संयमाचा प्रश्न नाही, वेळेच्या आखणीचा आहे. साडेपाचला ऑफिसातून निघायच्या आत ३० ग्रॅम फुटाणे आणि ताक. रात्रीचं ताट त्याने आपोआप लहान होतं.

प्रथिनांचं लक्ष्य दिवसाला ८० ग्रॅम ठेवा. उंचीप्रमाणे योग्य वजन ६५ ते ६८ किलो, त्याला किलोमागे १.२. मासे-अंड्यांच्या दिवशी ते सहज होतं, १०० ग्रॅम बांगड्यात १९-२० ग्रॅम असतात. फक्त बांगडा तव्यावर किंवा तिखल्याला, आणि रव्यात घोळवून तळणं महिन्यातून एखाद्या वेळी. सोमवार-गुरुवारचं असं जमतं:

सकाळी ६० ग्रॅम मूगडाळीची धिरडी १४, वाटीभर दही ५. दुपारी ५० ग्रॅम मटकीची (कोरडी मोजून) उसळ १२, दोन पोळ्या ७. संध्याकाळी फुटाणे ६. रात्री एक ज्वारीची भाकरी ४, वाटीभर घट्ट वरण ५, आणि १०० ग्रॅम पनीर किंवा ४० ग्रॅम सोया वडी १८ ते २०. झोपताना कपभर दूध ६. बेरीज ७७ ते ७९.

वरणाबद्दल गैरसमज फार. पातळ वरणाच्या वाटीत डाळ १५ ग्रॅमसुद्धा नसते, म्हणजे प्रथिनं तीनच ग्रॅम. वरण-भात जेवून ‘डाळ खाल्ली’ असं समाधान होतं, हिशेब मात्र भाताचाच असतो.

उपासाचं स्पष्ट सांगते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. ७५ ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचं कूट आणि तूप धरलं की खिचडीची थाळी ५०० च्या पुढे जाते. उपास करायचा तर वरीचे तांदूळ लहान वाटी, दाण्याची आमटी मोजून, दही, राजगिरा, फळ. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काहीच न खाता मग मोदक-साबुदाणा असा क्रम एचबीएवनसी ६.३ ला परवडणारा नाही, आणि इंजेक्शन सुरू असेल तर त्याच रात्री उलट्या होऊ शकतात.

ठाकुर्लीकर

दोघांचेही मनापासून आभार. परळकर, तुमच्या प्रश्नांची उत्तरं: थायरॉइडचा कर्करोग कुणालाच नाही. स्वादुपिंडाचं काही झालेलं नाही. टीएसएच २.८. पण सोनोग्राफीत पित्ताशयात ६ मिमीचा एक खडा लिहिलाय, त्रास काही नाही. घोरतात, खूप. लोकलमध्ये बसायला मिळालं की ठाण्याच्या आतच झोप लागते.

सायन_सर्कल

मी परळकरांशी एका मुद्द्यावर असहमत आहे. जोरात घोरणं, दिवसा झोप येणं, रक्तदाब, लठ्ठपणा: हे सगळं एकत्र असेल तर १२ आठवडे थांबण्याच्या आधी झोपेची तपासणी करा. घरी बोटाला आणि नाकाला यंत्र लावून एका रात्रीत होते. झोपेत श्वास अडकत असेल तर रात्रभर ऑक्सिजन खाली-वर होतो, सकाळी थकवा, दिवसभर गोडाची ओढ, आणि त्या अवस्थेत आहार पाळणं कुणालाही जड जातं. मग तीन महिन्यांनी ‘मनाचा निग्रह नाही’ असा शिक्का त्या माणसावर बसतो. आजार मध्यम किंवा तीव्र निघाला तर श्वासाचं मशीन लगेच, आणि औषधाचा निर्णयही पुढे आणावा. टिर्झेपटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये याच आजारासाठी मान्यता मिळाली आहे.

परळकर

हे बरोबर आहे. घोरण्याचं उत्तर यायच्या आधी मी १२ आठवडे म्हटलं होतं. झोपेची तपासणी याच आठवड्यात करा, ती आहाराच्या आड येत नाही.

खड्याबद्दल. त्रास न देणारा खडा असला म्हणून औषध वर्ज्य होत नाही, पण मात्रा वाढवायची घाई करायची नाही. वजन झपाट्याने उतरलं, मग ते औषधाने असो की उपाशी राहून, यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं आणि पित्ताशय आकुंचन कमी पावतं. त्यातून खडे वाढतात. आठवड्याला एक किलोपेक्षा जास्त उतरायला लागलं तर वेग कमी करा. अगदी बिनतेलाचा आहारही नको, रोज थोडं तेल-तूप पित्ताशय रिकामं करायला लागतंच. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर कळ येऊन तासभर टिकली, ताप किंवा कावीळ दिसली तर त्याच दिवशी दाखवा. पोटाच्या मध्यात सुरू होऊन पाठीत जाणारी, न थांबणारी वेदना आणि उलट्या असतील तर पुढचं इंजेक्शन घेऊ नका आणि सरळ रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. स्वादुपिंडाचा दाह असू शकतो.

मात्रेचा क्रमही सांगून ठेवतो. सेमाग्लुटाइड ०.२५ मि.ग्रॅ. ने सुरू, दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७, २.४. टिर्झेपटाइड २.५ ने सुरू, चार आठवड्यांनी ५, मग लागेल तसं अडीच-अडीचने वर, कमाल १५. पहिली मात्रा ही पोटाला सवय लावण्यापुरतीच असते. त्या महिन्यात वजन हललं नाही म्हणून स्वतःहून दुप्पट घेणारे लोक उलट्यांनी बेजार होऊन औषधच सोडतात. आणि एखाद्या मात्रेवर वजन नीट उतरत असेल तर वर जायची सक्तीही नाही.

टेल्मिसार्टनचं खास लक्षात ठेवा. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं आणि वर ही गोळी चालू राहिली तर मूत्रपिंडावर ताण येतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात गाडीत घामाने आधीच निम्मे झालेले असतो. दिवसभर पाणी पोटात ठरत नसेल तर त्या दिवशीची गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना फोन करून विचारा. आणि वजन सात-आठ किलो उतरलं की घरी दाब मोजायला लागा. उठताना चक्कर येत असेल तर गोळीची मात्रा कमी करायची वेळ आलेली असते.

गोळीबंद

औषधाच्या दुकानाच्या बाजूने सांगतो.

किंमत. टिर्झेपटाइड मौंजारो नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, तेव्हा २.५ मि.ग्रॅ.ची कुपी (सिरिंजने ओढून घ्यायची बाटली) ३५०० आणि ५ ची ४३७५ रुपये होती, आठवड्याला एक. म्हणजे महिन्याला १४,००० ते १७,५००. सेमाग्लुटाइडचं वजनासाठीचं पेन (आत औषध भरलेलं, सुई लावून टोचायचं), वेगोव्ही, जून २०२५ मध्ये आलं आणि त्याच वर्षी त्याची किंमत कमी झाली. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं. त्यानंतर देशी कंपन्यांना वाट मोकळी, त्यामुळे जुन्या लेखातल्या भावावर जाऊ नका, आजचा भाव दुकानात विचारा. हिशेब मात्र दोन वर्षांचा करा, पहिल्या महिन्याचा नको: पहिली मात्रा स्वस्त असते, पुढच्या महाग. विम्याची आशा धरू नका. लठ्ठपणावरचे उपचार आरोग्यविम्यात सहसा वगळलेले असतात. शस्त्रक्रियेला बीएमआय ४०, किंवा गंभीर आजारासह ३५, अशा अटींवर सूट आहे. बाह्यरुग्ण औषधाला ती नाही.

साठवण. न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या मधल्या फळीवर. बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको. एकदा गोठलं की ते फेकायचं, वितळून पुन्हा स्वच्छ दिसलं तरी. वापरायला काढलेलं पेन ३० अंशांखाली ठेवलं तर चालतं, पण मुंबईत दुपारी ३० च्या खाली पारा किती दिवस असतो? म्हणून इथे वापरातलं पेनही फ्रिजमध्येच ठेवा. उघडल्यावर वेगोव्ही पेन सहा आठवडे, मौंजारोचं पेन ३० दिवस. उघडल्याची तारीख पेनावर चिकटपट्टीने लिहा. दुकानातून ठाकुर्लीपर्यंत आणताना थंड पिशवी घ्या, पण बर्फाची लादी आणि पेन यांच्यामध्ये टॉवेलची घडी हवी. डब्यात बर्फाला थेट टेकून आणलेली पेनं वाटेतच गोठतात.

टोचणं. पोटावर बेंबीपासून दोन इंच सोडून, किंवा मांडीवर. दर आठवड्याला जागा बदला, एकाच जागी टोचलं की गाठ बनते आणि औषध नीट शोषलं जात नाही. सुई दरवेळी नवी, ४ मिमीची पुरते. नव्या पेनाला पहिल्यांदा माहितीपत्रकाप्रमाणे थेंब येतो का ते बघून घ्या. बटण दाबल्यावर आकडा शून्यावर आला तरी सुई लगेच काढू नका, सावकाश सहा मोजा. त्वचेवर ओघळ दिसला तर तुम्ही लवकर काढली. टोचून झाल्यावर सुई पेनावर ठेवून फ्रिजमध्ये टाकायची नाही, हवा शिरते आणि औषध गळतं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत साठवा, सुट्या कचऱ्यात नको. तो कचरा हाताने वेगळा करणाऱ्या माणसाच्या बोटात ती जाते.

पैसे वाचवायला लोक दोन उद्योग करतात. एक, नवरा-बायको एकच पेन सुई बदलून वापरतात. रक्ताचा अंश पेनात मागे जाऊ शकतो, हे अजिबात नको. दुसरा, जास्त ताकदीची कुपी आणून सिरिंजने थोडी थोडी चार आठवडे वापरतात. मौंजारोची कुपी एकदाच वापरायची असते, तिच्यात जंतुरोधक नसतो. भोक पाडून ठेवलेल्या कुपीत जंतू वाढतात, आणि मात्राही चुकते.

हे औषध चिठ्ठीशिवाय मिळत असेल, खोक्यावर बॅच क्रमांक खरवडलेला असेल, किंवा मोबाईलवरच्या ओळखीतून कुणी बिलाशिवाय घरपोच देत असेल तर घेऊ नका. तसंच ‘आयुर्वेदिक’ म्हणून येणाऱ्या वजनाच्या चूर्णांपासून सावध. सिब्युट्रामीन हे हृदयाला घातक ठरलेलं औषध भारतात २०११ मध्ये बंद झालं, पण जगभर अशा चूर्णांत ते लपवून मिसळलेलं पुन्हा पुन्हा सापडलं आहे. चूर्ण घेतल्यावर झोप उडाली, तोंडाला कोरड पडली, छातीत धडधड झाली तर चूर्ण बंद.

सेमाग्लुटाइडच्या गोळीचाही पर्याय आहे, रायबेल्सस, पण ती मधुमेहासाठी आहे आणि घ्यायची पद्धत काटेकोर: उठल्याबरोबर, घोटभर पाण्यासोबत, आणि पुढे अर्धा तास चहासुद्धा नाही. पाणी १२० मिलीपेक्षा जास्त झालं तरी गोळी पुरती लागू पडत नाही.

दंडबैठक

व्यायामावर कुणी फारसं बोललं नाही, म्हणून थोडक्यात. औषधाने उतरलेल्या वजनात चरबीखेरीज जो भाग जातो तो चाचण्यांमध्ये साधारण पाव ते चाळीस टक्के निघाला आहे, आणि त्यात स्नायू येतात. चालल्याने स्नायू टिकत नाहीत, ओझं पेलल्याने टिकतात. आठवड्यातून तीन दिवस २५ मिनिटं: खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीवर किंवा ओट्यावर दंड, पाठीवरच्या सॅकमध्ये पाच लिटरचा पाण्याचा कॅन घालून जिना, रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून ओढणं. प्रत्येकी १० ते १२ चे तीन फेरे. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, सहज होत असतील तर वजन वाढवा. शनिवार-रविवार आणि मध्ये एक बुधवार, एवढं ठरवलं की जमतं.

चालण्यासाठी वेगळा वेळ काढायला सांगणार नाही. सीएसएमटीहून ऑफिसपर्यंत शेअर टॅक्सी असेल तर ती सोडा, जाता-येता मिळून अर्धा तास होतो, आणि आठवड्याचे १५० मिनिटं पाच दिवसांत भरतात. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यांमुळे हे मोडतं, तेव्हा इमारतीचा जिना.

ठाकुर्लीकर

झोपेच्या तपासणीची वेळ घेतली, शनिवारी रात्री. तेलाचा डबा आजच बाजूला काढून तीन लिटर मोजून ठेवलं. शेवटचं एक विचारते. पुढे इंजेक्शन घ्यायचं ठरलं आणि गणपतीत आठ दिवस कोकणात गेलो, ठरलेला दिवस चुकला, तर?

गोळीबंद

गावी नेता येतं, थंड पिशवीतून, तिथल्या फ्रिजमध्ये. तिथे वीज जात असेल तर फ्रिजचं दार उघडू नका, काही तास आतला थंडावा टिकतो. सगळ्यात सोपं म्हणजे दिवस आधीच सरकवणं: टिर्झेपटाइडच्या दोन इंजेक्शनांमध्ये किमान तीन दिवस अंतर असलं की दिवस बदलता येतो. चुकलंच तर सेमाग्लुटाइड पाच दिवसांच्या आत, टिर्झेपटाइड चार दिवसांच्या आत आठवलं तर घ्या. त्यापुढे गेलं तर ते सोडून पुढच्या ठरल्या दिवशी. दोन एकदम कधीच नाही. आणि लागोपाठ दोन-तीन चुकले तर जुन्याच मात्रेवर परतू नका, डॉक्टरांना विचारून खालच्या मात्रेपासून सुरू करा. पोटाची सवय तोवर गेलेली असते.

ताटवाटी

आणि इंजेक्शनचा दिवस गौरीच्या जेवणाच्या आदल्या दिवशी ठेवू नका. पहिले दोन दिवस पोट सगळ्यात जड असतं. पुरणपोळी अर्धीच घ्या, वर कटाची आमटी, तळण नको, आणि पहिल्या ‘पुरे’ला हात धुवा.